छोट्या कारखान्यात माणसं कामात कशी गुंततील? मालक आणि सुपरवायझरसाठी पायरीपायरीने

भोसरी, वाळूज, शिरोली किंवा सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत चाळीस-पन्नास माणसांचं मशीन शॉप चालवणाऱ्या मालकाशी चहावर बोलत बसा. पंधरा मिनिटांत एक वाक्य येतंच: "पोरं टिकत नाहीत, आणि टिकली तरी जीव ओतून काम करत नाहीत." गंमत अशी की त्यातलाच एखादा ऑपरेटर गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाचा जमाखर्च सांभाळतो, मांडवाची परवानगी काढतो, देखाव्याची मोटर बंद पडली तर रात्री दोन वाजता उघडून बसतो आणि सकाळी पहिल्या पाळीला हजरही असतो. त्याच्यात उमेद नाही असं कोण म्हणेल? फरक इतकाच, की मंडळात त्याने काही सुचवलं तर त्याच रात्री 'कर' किंवा 'नको' असं उत्तर मिळतं. कारखान्यात त्याचं बोलणं कुठं जातं हे त्याला कधीच कळत नाही. तीन-चार वेळा असं झालं की तो सांगायचं बंद करतो, आणि आपण म्हणतो याला कामात रस नाही.

हा लेख वीस ते शंभर माणसांच्या युनिटसाठी आहे. तिथे एचआर म्हणजे बहुतेक वेळा अकाउंट्सवाल्याच्या गळ्यात पडलेलं जास्तीचं काम असतं. त्यामुळे खालच्या सगळ्या गोष्टी मालक, शॉप इन्चार्ज आणि सुपरवायझर या तिघांनाच करायच्या आहेत, हे धरून चाला.

आधी पाया: पगार, पाणी, हिशेब

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं, की पगार, कामाची जागा, नियम अशा गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या ठीक असल्या म्हणून तो आपोआप पेटून उठत नाही. त्यांच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाले. शॉप फ्लोअरवर मात्र त्याचा पहिला भाग रोज दिसतो. पगार बारा तारखेला आणि वर सूचना द्या म्हणून फळा, हे चालत नाही.

कायद्यानेच पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. बोनस लागू असेल तिथे तो किमान ८.३३ टक्के. हे आकडे आजकाल प्रत्येक कामगाराला मोबाइलवर सापडतात, त्यामुळे 'आपल्याकडे असं चालत नाही' हे उत्तर देऊ नका.

पगाराची स्लिप द्या आणि वर्षातून एकदा बसवून समजावून सांगा: पीएफचे १२ टक्के तुझे, तेवढेच कंपनीचे, ईएसआयचे (आजारपणाच्या विम्याचे) ०.७५ टक्के तुझे, ३.२५ टक्के कंपनीचे. उमंग ॲपवर स्वतःचं पीएफ पासबुक कसं बघायचं हे तिथल्या तिथे दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे. 'कापलेले पैसे भरतात की नाही कोण जाणे' ही कुजबुज त्या अर्ध्या तासात संपते.

मग शॉपमध्ये एक फेरी मारा आणि चार जागा बघा: पिण्याचं पाणी, संडास, कपडे बदलायची जागा, जेवायला बसायची जागा. मे महिन्यात भट्टीजवळ किंवा पत्र्याखाली पंखा आहे का? कॉन्ट्रॅक्टवरची माणसं वेगळ्या माठातलं पाणी पितात का? असेल तर ते आधी बंद करा. आणि सोडून गेलेल्या माणसाचा हिशेब अडवून ठेवू नका. तो गेला, पण उरलेले बघत असतात.

पाया बांधायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली तेव्हा गैरहजेरी ही मोठी डोकेदुखी होती. जमशेटजी टाटांनी दंडाचा बडगा उगारण्यापेक्षा माणसाला तिथे राहावंसं वाटेल अशा सोयींवर भर दिला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. त्या काळी यातलं काहीही कायद्याने बंधनकारक नव्हतं.

पायरी १: पहिले दोन आठवडे फक्त फिरा आणि विचारा

कुठलीही योजना जाहीर करण्याआधी दोन आठवडे रोज अर्धा तास फ्लोअरवर जा. हातात वही असू द्या, मोबाइल केबिनमध्ये ठेवा. आणि "काही अडचण आहे का?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "नाही साहेब, सगळं ओके." अडचण सांगितली की ती सांगणाऱ्याच्याच अंगावर येते, हा त्याचा आजवरचा अनुभव.

त्याऐवजी कामाबद्दल विचारा:

- काल मशीन कशासाठी थांबवावं लागलं?
- कुठल्या जॉबला (मशीनवर बनणाऱ्या भागाला) दोनदा हात लावावा लागतो?
- उद्या या मशीनवर नवा मुलगा बसवला तर त्याला पहिल्यांदा काय सांगाल?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्यातून ड्रॉइंगमध्ये नसलेली माहिती बाहेर पडते: या फिक्स्चरचा (जॉब पकडून ठेवणाऱ्या चौकटीचा) डावा क्लॅम्प जरा ढिला आहे, म्हणून मी खाली शिम (पातळ पत्री) देतो, दुपारनंतर साइज सरकते, म्हणून जेवणानंतरचा पहिला जॉब मी मोजतोच. पाणी कुठं मुरतंय ते अशा वाक्यांत कळतं. शिवाय समोरच्याला पहिल्यांदा वाटतं, की आपल्याला काहीतरी येतं हे याला ठाऊक आहे.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिव्यांचा उजेड कमीजास्त केला तरी उत्पादन वाढतच गेलं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच कारखान्यात २०,००० हून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या, हे कमी सांगितलं जातं. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते. पुढे मुलाखत घेणाऱ्यांनी ते बाजूला ठेवले आणि माणसाला जे बोलायचंय ते बोलू दिलं, तेव्हा खरं बाहेर यायला लागलं. तुमच्या वहीलाही हेच लागू: प्रश्न एक, ऐकणं पाच मिनिटं.

या दोन आठवड्यांत जे ऐकाल त्यातल्या दोन-तीन अगदी स्वस्त गोष्टी ताबडतोब करून टाका. हातपुसणी, गेज ठेवायला स्टँड, तुटलेलं स्टूल, बंद पडलेली ट्यूब. घोषणा न करता करा.

पायरी २: पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं

सगळ्यांनी उभ्यानेच, फळ्यासमोर. काल किती झालं, रिजेक्शन किती आणि कशामुळे, आज कुठला जॉब तातडीचा, कोण गैरहजर, सुरक्षेची एखादी गोष्ट. झालं. आकडे सुपरवायझरने न वाचता त्या त्या मशीनच्या ऑपरेटरने वाचावेत, आठवड्याला माणूस बदलावा. पहिल्या आठवड्यात आवाज फुटत नाही, लोक हसतात. चालू द्या.

गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल या वेळी हातात घेऊन दाखवा. 'क्वालिटी सांभाळा' असं शंभरदा सांगण्यापेक्षा 'ही बर (कडेला उरलेली धातूची धार) राहिली, म्हणून असेंब्ली लाइन थांबली' असं वस्तू दाखवून सांगितलं की डोक्यात बसतं. बऱ्याच ऑपरेटरना आपला जॉब कुठल्या गाडीत, कुठल्या पंपात बसतो हेच माहीत नसतं. जमलं तर वर्षातून एकदा दोघा-तिघांना गिऱ्हाइकाच्या कारखान्यात घेऊन जा. मार्केटिंगवाल्यांच्या एका फेरीच्या खर्चात होतं.

मालकाने या दहा मिनिटांत भाषण करू नये. इच्छा अनावर झाली तर महिन्यातून एकदा.

पायरी ३: सूचनेला उत्तर देणारी व्यवस्था

बऱ्याच कारखान्यांत गेटजवळ सूचनापेटी टांगलेली असते. कुलूप गंजलेलं, किल्ली कोणाकडे हे विचारायचं नाही. आत दोन बिस्किटांचे कागद आणि एक निनावी शिवी. पेटी म्हणजे नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. आत टाकलेल्या चिठ्ठीचं काय झालं हे टाकणाऱ्याला दिसत नाही, हा तिचा मूळ दोष.

टोयोटाचे एजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले आणि तिथल्या सूचना योजनेची कल्पना घेऊन आले. १९५१ पासून टोयोटात ती सुरू झाली आणि आजही चालू आहे. ती इतकी टिकली यामागे छोट्या सूचनांना दिलेली किंमत आहे: ऑपरेटरच्या आसपासचं, त्याच्याच हाताने करता येईल असं, थोड्या खर्चाचं. आपल्याकडे कायझन म्हणतात ते हेच. क्रांतिकारक कल्पनेची वाट बघत बसलात तर फळा कोराच राहील.

तुमच्याकडे हे असं करा.

पेटी काढा, पांढरा फळा लावा. तो जेवणाच्या जागेजवळ असावा, ऑफिसच्या दारात नको. पाच रकाने: तारीख, नाव, सूचना, उत्तर, कोण कधी करणार. लिहायला संकोच वाटणाऱ्याची सूचना सुपरवायझरने किंवा शेजारच्याने लिहावी, नाव मात्र सांगणाऱ्याचंच. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं हिंदीत सांगतील; हिंदीतच लिहा. मराठी-हिंदीच्या वादात फळा अडकवू नका.

उत्तराची मुदत आठ दिवस. उत्तर तीनच प्रकारचं असतं: 'करतो', 'करणार नाही, कारण...', आणि 'अजून नाही, अमुक तारखेला बघू'. 'विचाराधीन' हा शब्द फळ्यावर येऊ देऊ नका, तो सरकारी कचेरीत शोभतो. भोसरीत गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. तिथे बुधवारी पाळी संपताना मालक आणि शॉप इन्चार्जने फळ्यासमोर उभं राहून राहिलेली उत्तरं भरायची असा नियम लावता येईल. तुमच्या भागात सुट्टीचा वार वेगळा असेल, त्याच्या आदला दिवस धरा.

'नाही' म्हणायला घाबरू नका. कूलंटची टाकी बदला असं कोणी सुचवलं आणि खर्च दीड लाख असेल, तर तेच लिहा: खर्च दीड लाख, यंदा नवीन कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, एप्रिलमध्ये पुन्हा बघू. कारणासकट मिळालेला नकार माणूस पचवतो. उत्तरच न मिळणं त्याला अपमानासारखं लागतं, आणि तो अपमान तो कोणाला सांगत नाही.

आता पैशांचं. स्वीकारलेल्या आणि अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला सारखी छोटी रक्कम द्या, शंभर-दोनशे रुपये, त्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर. मोठ्या बचतीचे टक्के काढून देण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. बचत किती आणि कोणाची कल्पना आधीची यावरून भांडणं लागतात. वर्षाअखेरीस एकूण बचतीतला ठरलेला हिस्सा सगळ्यांना समान वाटा, हेल्परलाही. हेल्परने पकडून धरलं नसतं तर ऑपरेटरला ते सुचलंही नसतं, हे फ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतं.

सगळ्यात नाजूक जागा पुढे आहे. समजा व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर) एक जॉब चार मिनिटांचा आहे, त्यात जॉब लावायला-काढायला ४० सेकंद जातात. ऑपरेटरने फिक्स्चरला लोकेटर (जॉब नेमक्या जागी बसवणारी पिन) सुचवला आणि ४० चे २५ सेकंद झाले. पाळीत ११० जॉब होत असतील तर साधारण २७ मिनिटं वाचली. पुढच्या सोमवारी तुम्ही त्याचं टार्गेट ११७ केलंत, तर त्या शॉपमधली ती शेवटची सूचना समजा. त्याच्या डोक्यातला हिशेब सरळ आहे: डोकं चालवलं, त्याची शिक्षा मिळाली.

म्हणून आधीच लिहून भिंतीवर लावा: सूचनेमुळे कोणाचंही काम जाणार नाही, आणि सूचना देणाऱ्याचं टार्गेट किमान सहा महिने बदलणार नाही. वाचलेल्या वेळात त्याने काय करायचं हे त्याच्याशीच ठरवा: मशीनची साफसफाई, नव्या मुलाला शिकवणं, दुसऱ्या मशीनचं सेटिंग शिकणं. मंदी आली, ऑर्डर घटली तर? तेव्हाही हा कागद पाळायचा. पाळता येणार नसेल तर तो कागद लावूच नका.

पायरी ४: सुपरवायझरला बाजूला टाकू नका

मालक थेट ऑपरेटरशी बोलायला लागला की मधला माणूस अस्वस्थ होतो. बारा-पंधरा वर्षं 'मी सांगतो तसं कर' यावर त्याची लाइन चालली आहे. त्याला वाटतं आपली चुगली होते, आणि मग तो हसतमुखाने फळा मारतो: "लिही लिही, साहेबांना आवडतं." एवढं एक वाक्य पुरतं.

पायरी १ सुरू करण्याआधी त्याला बसवून सगळं सांगा. फळ्यावरच्या साध्या सूचना, समजा दोन हजार रुपयांच्या आतल्या, त्याने स्वतः मंजूर कराव्यात. त्यासाठी तुमच्या सहीची गरज नको. त्याच्या लाइनवरच्या किती सूचना अमलात आल्या हे त्याच्या पगारवाढीच्या वेळी मोजा. आणि त्याचं चुकलं तर केबिनमध्ये बोला. फ्लोअरवर सुपरवायझरला झापलंत की तो पाच मिनिटांत खालच्याला झापतो.

त्याला बोलण्याची एक सवय मात्र लावायला हवी. रिजेक्शन निघालं की पहिला प्रश्न "कोणी केलं?" असा येतो. तो "कसं झालं?" असा यायला हवा. पहिल्या प्रश्नाला लोक माल लपवतात, स्क्रॅपच्या डब्यात तळाशी टाकतात. ही सवय बदलायला सहा महिनेही लागतील, आणि आधी मालकाला स्वतःची बदलावी लागेल.

पायरी ५: पुढे काय, हे भिंतीवर दिसू द्या

आयटीआय करून आलेला बावीस वर्षांचा मुलगा हजार रुपये जास्त मिळतात म्हणून चाकणला निघून जातो. त्याला थांबवायला तुमच्याकडे हजार रुपये नसतील, पण रस्ता दाखवता येईल. एक तक्ता करा: डावीकडे नावं, वर मशीनं आणि कामं, चौकटीत चार भागांचं वर्तुळ. एक भाग भरला तर मदतीने करतो, दोन तर देखरेखीखाली, तीन तर एकटा करतो, चारही भरले तर दुसऱ्याला शिकवू शकतो. बऱ्याच शॉपमध्ये असा तक्ता ऑडिटपुरता लावलेला असतो आणि दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचं नावही त्यात असतं. तो जिवंत करायचा तर दर तीन महिन्यांनी ऑपरेटरसोबत बसून भरा, आणि प्रत्येक टप्प्याला पगारात किती फरक पडतो हे लिहा. हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सेटर (मशीनचं सेटिंग करणारा) कधी आणि कशाच्या जोरावर होतो, हे 'मालकाच्या मर्जीवर' राहू नये.

कागदावरच्या शिक्षणाला फार किंमत देऊ नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले गेले, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं.

पायरी ६: कौतुक नेमकं करा

'महिन्याचा उत्तम कामगार' असा फोटो लावायची पद्धत मला पटत नाही. पहिले तीन महिने चांगली माणसं निवडली जातात, चौथ्या महिन्यात 'आता पाळीपाळीने देऊ' सुरू होतं, आणि सहाव्या महिन्यात तो फोटो थट्टेचा विषय होतो. त्यापेक्षा घडल्या घडल्या सांगा, आणि काय आवडलं ते सांगा: "मामा, काल इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं टोक) तुटायच्या आत आवाजावरून ओळखून मशीन थांबवलंत, चाळीस जॉब वाचले." नुसतं 'शाब्बास, छान काम' याने काही होत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा ज्याच्या हातात ते मशीन वर्षभर असतं त्याच्या हातून होऊ द्या, जमल्यास त्याच्या घरच्यांना बोलावून. बायको-मुलांना ते मशीन दाखवताना तो ज्या तपशिलात शिरतो, तो तुम्ही लांबून ऐकाच. दिवाळीची मिठाई कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना लहान डब्यात देणार असाल तर कोणालाच देऊ नका.

पायरी ७: तक्रारीचा वेगळा रस्ता

सुट्टी नाकारली, ओव्हरटाइमचे तास चुकले, कोणी अर्वाच्य बोललं, या गोष्टी सगळ्यांसमोरच्या फळ्यावर येणार नाहीत. वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते. नुसती कागदावर नको. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनीच निवडावेत, तुमच्या मर्जीतले नकोत. युनियन असेल तर तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. फळा युनियनला वळसा घालण्यासाठी लावलाय असा वास आला की तो संपला.

काय मोजायचं

कामगारांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेण्यात अर्थ नाही. सगळे 'समाधानी' वर टिक करतात. चार आकडे ठेवा. सूचना किती आल्या यापेक्षा किती वेगवेगळ्या माणसांकडून आल्या: पन्नासातल्या तिघांनीच चाळीस लिहिल्या असतील तर बाकी सत्तेचाळीस अजून गप्प आहेत. सणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतली गैरहजेरी. नवीन आलेल्यांपैकी तीन महिन्यांच्या आत किती सोडून गेले. आणि आठ दिवसांच्या मुदतीत किती सूचनांना उत्तर मिळालं.

पहिल्या महिन्यात फळा भरून वाहील, निम्म्या सूचना चहा आणि कँटीनच्या असतील. त्या करा, चेष्टा करू नका. तिसऱ्या महिन्यात ओघ आटतो. तेव्हा पुन्हा वही घेऊन पायरी १ चे तीन प्रश्न विचारत फिरा. कामाबद्दलच्या खऱ्या सूचना साधारण त्यानंतर यायला लागतात. दोन-तीन चांगल्या कायझन झाल्या की ती मुलं क्वालिटी सर्कल फोरमच्या पुणे चॅप्टरसारख्या ठिकाणच्या स्पर्धेत पाठवा, सादरीकरण त्यांनाच करू द्या.

चारही आकडे दर महिन्याला त्याच फळ्याच्या कडेला लिहा. चौथा सगळ्यात वर, कारण तो मालकाच्या कामाचा आकडा आहे आणि तो लाल असेल तर तेही पाळीच्या दहा मिनिटांत ऑपरेटरनेच वाचून दाखवायचं.